नदीपलीकडची नोकरी

गेल्या शनिवारी रात्री टोरांटोहून फोन आला. माझ्या एका मित्राचा धाकटा भाऊ, तिशीच्या उंबरठ्यावरचा, सॉफ्टवेअरवालाच. "दादा, सिएटलची ऑफर आलीये. पगार धरून चाल, इथल्या दुप्पट. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. घेऊ ना?" मागे कुकरची शिट्टी झाली आणि त्याची बायको काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. "घेऊ ना?" असं विचारणाऱ्याला सल्ला नको असतो, आशीर्वाद हवा असतो, एवढं आता या वयात कळतं. तरी मी तासभर बोललो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मुद्द्याचं राहिलंच. ते आज लिहितोय. त्याच्यासाठी, आणि कॅनडात बसून खिडकीतून अमेरिकेकडे बघणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी.

हे खिडकीतून बघणं माझ्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. मी राहतो विंडसरला, म्हणजे कॅनडात. नोकरी डेट्रॉईटला, म्हणजे अमेरिकेत. मध्ये नदी. गंमत अशी की इथे नदी जी वळलीये त्यामुळे डेट्रॉईट उत्तरेला आणि विंडसर दक्षिणेला आहे. सगळी दुनिया अमेरिकेतून वर कॅनडात जाते, मी रोज सकाळी कॅनडातून वर अमेरिकेत जातो. हापिसच्या खिडकीतून माझं गाव दिसतं. घर ते हापिस जेमतेम सात किलोमीटर. डोंबिवलीहून व्हीटीला जायचो ते याच्या सातपट होतं, आणि तेसुद्धा दाराला लटकून. फरक एवढाच की डोंबिवलीकराला मुंब्र्याला उतरवून कोणी विचारत नाही, "कुठे चाललात? कशाला? डब्यात काय आहे?"

डब्याचा विनोद नाही हं. एकदा चतुर्थीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी नेत होतो. खिडकीतल्या साहेबाने डबा उघडायला लावला. साबुदाणा म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना माझी जी तारांबळ उडाली! टॅपिओका म्हटलं तर तो म्हणाला पुडिंग कुठंय? मागे गाड्यांची रांग. शेवटी हसून सोडलं त्याने. असो.

नदीखालून जाणारा बोगदा १९३० चा, पूल त्याच्या एक वर्ष आधीचा. तेव्हापासून या गावातली माणसं कामाला पलीकडे जातात. आज त्यात सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतात त्या नर्सेस. विंडसरच्या शेकडो नर्सेस डेट्रॉईटच्या हॉस्पिटलांत नोकरी करतात. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली, तेव्हा आम्ही संगणकवाले घरात बसून काम करत होतो आणि या बायका मात्र रोज बोगद्यातून जात-येत होत्या. त्यामुळे 'पलीकडे जाणं' हा इथे काही मोठा वैचारिक प्रश्न नाही. चक्की, वाणी, पलीकडची नोकरी, इतकं ते साधं आहे. मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं असं की पलीकडे नोकरी जरूर करावी, मी पंधरा वर्षं करतोय, पण पगाराचा आकडा ज्या पद्धतीने लोक मोजतात ती पद्धत चुकीची आहे. आकडा एका माणसाचा असतो आणि बिऱ्हाड दोघांचं हलतं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकेत नोकरी करायची तर एच-१बीची लॉटरी खेळावी लागत नाही. टीएन नावाचा एक कागद असतो. १९९४ च्या नाफ्टा करारातून तो आला, जुलै २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला त्यातही तो तसाच राहिला. ठरावीक व्यवसायांची यादी आहे, तीत इंजिनियर आहे, नर्स आहे, अकाउंटंट आहे, कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट आहे. कंपनीचं पत्र, डिग्री आणि कॅनडाचा पासपोर्ट घेऊन सीमेवर जायचं, तिथेच अर्ज, तिथेच निकाल. नशीब बरं असेल तर तासा-दोन तासांत तीन वर्षांचा कागद हातात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावायचा आदेश निघाला, तेव्हा भारतातल्या मित्रांचे फोनवर फोन. माझ्या कागदाला त्याची झळ नव्हती. ऐकायला किती छान वाटतं ना?

आता माझी गोष्ट. २००९ मध्ये विंडसरमध्ये माझी नोकरी गेली. एकट्या माझी नाही, अख्ख्या गावाची गेली म्हणा ना. त्या वर्षी जीएम आणि क्रायस्लर दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली आणि आमचं गाव तर गाड्यांवरच जगणारं. आठ महिने घरी बसलो. २०१० मध्ये डेट्रॉईटच्या बाजूला काम मिळालं. वर्षभर ये-जा केली आणि मग डोक्यात शिरलं की रोज सीमेवर कशाला थांबायचं, तिकडेच राहू. २००८ च्या पडझडीनंतर मिशिगनमध्ये घरं पाण्याच्या भावाने मिळत होती, भाडी कमी, रस्ते रुंद. २०११ मध्ये सगळं उचलून डेट्रॉईटच्या उत्तरेच्या एका उपनगरात गेलो. बायको आणि चार वर्षांचा मुलगा टीडीवर.

टीडी म्हणजे टीएनवाल्याच्या कुटुंबाचा कागद. या कागदावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. अजिबात नाही. एच-१बीवाल्यांच्या बायका-नवऱ्यांपैकी काहींना तरी २०१५ पासून काम करायची परवानगी मिळाली, टीडीवाल्यांना ती आजही नाही. मला हे माहीत होतं का? होतं. कंपनीच्या वकिलाने सांगितलं होतं. मी काय म्हणालो ते आठवतंय: "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

बायकोने विंडसरला दोन वर्षं कॉलेज करून अर्ली चाइल्डहूड एज्युकेटरचा डिप्लोमा घेतला होता. भारतातली तिची पदवी इथे कोणी विचारली नाही, म्हणून छत्तिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसून घेतलेला. आणि आता बघा योगायोग. ओंटारियो सरकारने सप्टेंबर २०१० पासून बालवाड्या पूर्ण दिवसाच्या करायला घेतल्या. टप्प्याटप्प्याने, पाच वर्षांत, सगळ्या शाळांत. वर्गात एक शिक्षक आणि जोडीला एक अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर. म्हणजे बरोबर त्या पाच वर्षांत शाळांना तिच्यासारखी माणसं हवी होती. पाळणाघरातली कमी पगाराची नोकरी नव्हे, शाळेतली, युनियनची, पेन्शनची. तिच्याबरोबर पास झालेल्या बायका एकामागून एक लागत होत्या. आणि ही मिशिगनच्या उपनगरात वाचनालयातून पुस्तकं आणून स्वतःच्या एकाच मुलाला शिकवत होती.

ती फार बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एकदा फक्त, बहुतेक २०१३ च्या हिवाळ्यात, एका मैत्रिणीचा फोन झाल्यावर म्हणाली, "अरे, तिला कायम केलं." मी म्हटलं, अरे वा. पुढे दोघंही गप्प.

मग मी एक दिवस हापिसातच बसून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. विंडसरमधला माझा पगार शंभर धरा, तिला शाळेत मिळाला असता तो पंचेचाळीस. मिळून एकशे पंचेचाळीस. पलीकडे माझा एकशे पस्तीस, तिचा शून्य. आणि तेव्हा कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या जवळपास बरोबरीत होता, म्हणजे चलनाचा फायदाही नाही. वर आरोग्यविम्याचा हप्ता पगारातून कापला जायचा. मी इंजिनियर माणूस, लोकांना स्प्रेडशीट बनवून देतो, आणि घरच्या स्प्रेडशीटमध्ये एक अख्खा स्तंभच घालायला विसरलो होतो!

आणि 'तात्पुरतंच आहे, मग ग्रीन कार्ड होईल, मग ती काम करेल' हा जो मनातला मांडे खाण्याचा प्रकार असतो, तोही तेव्हाच संपला. कंपनी ग्रीन कार्डसाठी अर्ज करायला तयार होती. वकिलाने फॉर्म भरायला घेतला. नागरिकत्व? कॅनडा. जन्मस्थान? डोंबिवली. वकील थांबला. म्हणाला, रांग नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर ठरते. नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, हा १९९० पासूनचा नियम. म्हणजे मी पाच वर्षं बर्फ उपसून मिळवलेला मेपलच्या पानाचा पासपोर्ट बाजूला, आणि मी थेट भारताच्या रांगेच्या शेपटीला, हैदराबाद आणि पुण्याहून आलेल्या लाखो लोकांच्या मागे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा विंडसरमध्येच जन्मलेला गोरा सहकारी, तोच पासपोर्ट, तेच काम, त्याचं दीड-दोन वर्षांत झालं. मला हे सांगताना वकिलाला वाईट वाटत होतं बहुतेक. मला हसू आलं. सात समुद्र ओलांडून, दोन देश बदलून माणूस शेवटी कल्याण लोकलच्या रांगेतच!

२०१४ मध्ये परत विंडसरला आलो. नोकरी तीच ठेवली, घर अलीकडे. बायकोला पुढच्या वर्षी शाळेत काम लागलं, पण आधी बदली म्हणून, मग अर्धवेळ, मग कायम. २०११ च्या मैत्रिणींपेक्षा ती सीनियॉरिटीत आजही मागे आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कोणाला कुठली शाळा हे सीनियॉरिटीवर ठरतं तेव्हा ते पुन्हा दिसतं. माझा पगार मात्र आता अमेरिकन डॉलरमध्ये येतो आणि खर्च कॅनडाच्या डॉलरमध्ये होतो. २०२२ पासून एका अमेरिकन डॉलरला कॅनडाचे सव्वा ते दीडच्या दरम्यान मिळतात. त्यातून लोकांना वाटतं हा सोन्याच्या खाणीवर बसलाय. कर सांगत नाही मी त्यांना. आधी अमेरिकेचा केंद्राचा कर, मग मिशिगन राज्याचा, मग डेट्रॉईट शहराचासुद्धा. गाव वेगळं, देश वेगळा, तरी त्या शहरात काम करता म्हणून १.२ टक्के. मग घरी येऊन कॅनडाचा. दोन देशांत करार आहे, तिकडे भरलेल्याचं क्रेडिट इकडे मिळतं, दोनदा भरावा लागत नाही हे खरं. पण ओंटारियोचा दर जास्त, त्यामुळे वरचा फरक भरून शेवटी एकूण कर ओंटारियोच्या माणसाइतकाच बसतो. त्याची तक्रार नाही. मुलाची शाळा, डॉक्टर, रस्त्यावरचा बर्फ, सगळं इथलंच वापरतो ना.

तक्रार आहे ती 'तात्पुरतं' या शब्दाबद्दल. जुन्या आणि नव्या, दोन्ही करारांत हा विषय सोळाव्या प्रकरणात आहे आणि शीर्षकातच शब्द आहे, तात्पुरता प्रवेश. माझे आतापर्यंत सहा कागद झाले. पंधरा वर्षं मी तात्पुरता आहे! दर तीन वर्षांनी साहेबापुढे उभं राहून सांगायचं की मी इथे राहायला आलेलो नाही. २०१६ मध्ये एकदा परत पाठवलं मला. चूक आमचीच होती. कंपनीच्या पत्रात कोणीतरी घाईत माझ्या कामाला 'प्रोग्रामर' लिहिलं. यादीत प्रोग्रामर नाही. मी रोज करतो ते काम प्रोग्रामिंगच, पण कागदावर मी अ‍ॅनालिस्ट असायला हवा. गाडी वळवून घरी. नऊ दिवस नवीन पत्राची वाट बघत बसलो होतो, हप्ते चालू, आणि घरातलं कोणी काही बोललं नाही कारण तोपर्यंत बायकोचा पगार सुरू झाला होता. ते नऊ दिवस मिशिगनमध्ये आले असते तर? तेव्हा घर तिकडे, भाडं तिकडे, मुलाची शाळा तिकडे आणि तिच्या हाताला काम नाही. अलीकडे तर पत्रातला शब्दन् शब्द वकिलाकडून वाचून घेतो. आणि हा करार २०२६ मध्ये तिन्ही देशांनी पुन्हा तपासायचा असं करारातच लिहिलेलं आहे. माझी नोकरी अशी एका व्यापारी दस्तऐवजात, गाडीचे सुटे भाग आणि दुधाची पावडर यांच्या शेजारी राहते.

आता 'ब्रेन ड्रेन'वाले. इथल्या वर्तमानपत्रांना दर एक-दोन वर्षांनी आठवण होते की वॉटर्लूची हुशार पोरं कॅलिफोर्नियाला पळतात, देशाने शिकवलं आणि शेजाऱ्याने नेलं. मी वाचतो आणि गालात हसतो. मला कुठल्या देशाने शिकवलं होतं? महाराष्ट्र सरकारच्या अनुदानित कॉलेजात जी फी भरली ती आज सांगायलाही लाज वाटते. तेव्हा कॅनडाने मला पॉइंट मोजून घेतलं आणि त्याला टॅलेंट म्हटलं. जुलै २०२३ मध्ये तर कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी खास परवाने काढले, दहा हजार अर्जांची मर्यादा, दोन दिवसांच्या आत भरली. शेजाऱ्याकडून माणसं आणली की धोरण, शेजाऱ्याने नेली की गळती! माणसं चांगल्या कामामागे जाणारच. त्यांना त्याबद्दल अपराधी वाटायला लावू नये एवढंच.

पण २०२५ मध्ये जरा अवघड गेलं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. गाड्यांवर २५ टक्के आयातशुल्क लागलं, ते या गावाच्या थेट पोटावर. आमच्या गल्लीतल्या लोकांनी पलीकडे जाणं सोडलं. पूर्वी दर शनिवारी बेसबॉलला जाणारे आजोबा, त्यांनी तिकिटं परत केली. बोगद्यातून जाणारी बसही त्याच वर्षी बंद झाली. मी आपला रोज सकाळी सव्वासातला गाडी काढतोय. कोणी काही बोललं नाही. एका शेजाऱ्याने फक्त विचारलं, "अजून जातोस?" मी म्हटलं, "अजून जातो." त्याचा मुलगा गाड्यांच्या कारखान्यात आहे. त्या दिवसापासून मी गाडी जरा लवकर काढायला लागलो, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तर बाबा रे, आता तुझ्याकडे वळतो.

तू एकटा असतास तर मी म्हटलं असतं, आज रात्रीच बॅग भर. जे काम तू सांगितलंस ते टोरांटोत फार ठिकाणी होत नाही, आणि त्या वयात दुप्पट पगारापेक्षा तशा टीममध्ये घालवलेली दोन वर्षं जास्त कामाची. पण तू एकटा नाहीस. मला जमतं ते रोज ये-जा करायचं सोंग तुला जमणार नाही, टोरांटो ते सिएटल बोगदा नाही. फोनवर तू सांगितलंस की नागरिकत्व तुझं झालंय, तिचं नाही. तिचे १,०९५ दिवस भरायला आठ महिने राहिलेत. हे तू 'बाकी किरकोळ' या सदरात सांगितलंस! तेच सगळ्यात मोठं आहे. ती तुझ्याबरोबर तिकडे गेली तर नागरिक नवऱ्याबरोबर राहिली म्हणून तिचं पीआर शाबूत राहील, तो नियम आहे. पण नागरिकत्वासाठी ते दिवस मोजत नाहीत. आणि ते १,०९५ दिवस मागच्या पाच वर्षांतले लागतात. म्हणजे तिकडे तीन वर्षं काढून परत आलात तर आज गाठीला असलेले दिवस एकेक करून पुसले जातील आणि तिला पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून मोजायला लागावं लागेल. बँकेतली तिची नोकरी जाईल ती वेगळीच. ती नागरिक झाली तरी बँकेचं तिचं काम टीएनच्या यादीत बसेल असं मला दिसत नाही, पण निदान पासपोर्ट तरी तिच्या स्वतःच्या हातात असेल.

मी तुझ्या जागी असतो तर कंपनीला सरळ लिहिलं असतं की मला नऊ महिन्यांनी यायचंय, तोपर्यंत तुमच्या व्हँकुव्हरच्या हापिसात बसवा, इथल्या पगारावर चालेल. फार तर नाही म्हणतील. आणि नाहीच म्हणाले तर मी गेलो नसतो. तुला हे आवडणार नाही, माहीत आहे. २०११ मध्ये मलाही कोणी हे सांगितलं असतं तर आवडलं नसतं.

हे लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं. तिने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, तिच्याबद्दलचा भाग वाचून चष्मा पुसला आणि म्हणाली, "त्याला नको पाठवूस. त्याच्या बायकोचा नंबर घे, मी बोलते." नंबर मागितलाय. अजून आलेला नाही. ऑफरची मुदत उद्या, सोमवारी आहे.